दिवाणखान्यातली मैफल : नेब्रास्काच्या खेड्यांत आपली गाणी घेऊन फिरताना

गेली नऊ वर्षं जून आणि नोव्हेंबर या दोन महिन्यांत मी गिटार गाडीत टाकते आणि अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरातून पश्चिमेला निघते. आठ-दहा दिवसांत सात-आठ घरं होतात. प्रत्येक घरी पंचवीस-तीस माणसं, माझी स्वतः लिहिलेली गाणी, मध्यंतरात केक आणि कॉफी, रात्री त्याच घरी मुक्काम आणि सकाळी पुढचं गाव. याला इकडे हाऊस कॉन्सर्ट म्हणतात. आपल्याकडच्या खासगी बैठकीचंच हे कंट्री-फोक, म्हणजे अमेरिकी लोकगीतांच्या वळणाचं, भावंड म्हणा ना.

मंडळाच्या कार्यक्रमांतून ओळख झालेली, इथेच वाढलेली दोन-तीन मुलं-मुली हल्ली गाणी लिहितात आणि फोन करून विचारतात, "मावशी, सुरुवात कुठून करायची?" हा लेख त्यांच्यासाठी आहे. चाळिशीनंतर हा नाद लागलेल्या माझ्यासारख्यांनाही तो उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. ती संध्याकाळ यजमानांची असते. समोर बसलेल्या तीस जणांपैकी बहुतेकांनी तुमचं नावसुद्धा ऐकलेलं नसतं. ती माणसं शेजारच्या ताईंच्या शब्दावर आलेली असतात आणि ताईंनी तुमच्यासाठी आपला शब्द खर्ची घातलेला असतो. तारीख, पैसे, आवाज, जेवण यांपैकी कशाबद्दल अडलं, तर यजमानांना काय सोयीचं पडेल ते पाहा. उत्तर सापडतं.

आधी व्हिसा

मराठी घरांत हा प्रश्न हमखास येतो, म्हणून पहिला घेते. तुम्ही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर प्रश्न नाही. एच-वन-बीवर असाल तर ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्याशिवाय इतर कुणाकडून कमाई करता येत नाही, आणि टोपलीत पडलेली देणगी हीसुद्धा गाण्याची कमाईच धरली जाऊ शकते. विद्यार्थी व्हिसा, वर्क परमिट नसलेला एच-फोर (एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आणि पर्यटक व्हिसा यांचंही तेच. भारतातून खास कार्यक्रमांसाठी येणारे कलाकार ओ किंवा पी वर्गातला व्हिसा काढून येतात. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाचा एक तास विकत घ्या. आणि तोवर घरी बसायची गरज नाही. दुसऱ्याची मैफल आपल्या घरी भरवा, जमलेली सगळी रक्कम कलाकाराला द्या. यजमानपण केलेल्या माणसाला पाहुणेपण लवकर जमतं.

गाणी किती आणि कशी लावायची

साधारण पंचेचाळीस मिनिटांचे दोन भाग, मध्ये वीस-पंचवीस मिनिटांचं मध्यंतर, अशी रूढ पद्धत आहे. म्हणजे अठरा-वीस गाणी तयार हवीत. त्यातली निदान पंधरा स्वतःची असू द्या. माझा क्रम कीर्तनावरून बसला आहे. साताऱ्याला लहानपणी राममंदिरात ऐकलेली कीर्तनं डोक्यात होतीच. पूर्वरंगात ओळख आणि विचार, उत्तररंगात आख्यान. पहिल्या भागात मी छोटी, हलकी, ठेक्याची गाणी घेते. लोकांना माझ्या उच्चारांची आणि आवाजाची सवय होते. लांब कथागीतं मध्यंतरानंतर.

गाण्याआधीचं बोलणं हा या प्रकाराचा अर्धा जीव आहे. ते घरी मोठ्याने म्हणून पाहा, घड्याळ लावून. दीड मिनिटाच्या वर गेलं तर कापा. मात्र पाठ केल्यासारखं म्हणू नका. समोरचा माणूस पाच-सहा फुटांवर बसलेला असतो, त्याला लगेच कळतं.

इंग्रजी गाण्यांत मराठी काही घालावं का, असं मुलं संकोचून विचारतात. घाला. माझ्या एका गाण्यात आजीच्या जात्याचं वर्णन आहे आणि मधे जात्यावरच्या ओवीच्या दोन ओळी येतात. एन्सवर्थ गावाजवळच्या एका रँचवर, म्हणजे गुरं पाळणाऱ्यांच्या मोठ्या कुरणावरच्या घरी, मी ते गायले. दाराशी वर्तमानपत्रावर बुटांचे सतरा जोड ओळीने लावलेले होते आणि माणसं पायमोज्यांवर बसली होती. मध्यंतर झालं तेव्हा ऐंशीच्या पुढच्या एक बाई काही न बोलता माजघरात गेल्या आणि दूध फिरवून साय काढायच्या जुन्या यंत्राचा लोखंडी दांडा घेऊन आल्या. लाकडी मूठ एका बाजूने झिजून खोलगट झाली होती. "माझ्या आईचा हात," म्हणाल्या, आणि तो दांडा माझ्या हातात दिला. जड होता. त्यांना ओवीचा एक शब्दही कळला नव्हता.

ही गाणी मुळात घरांतूनच आलेली आहेत. १९२७ च्या ऑगस्टमध्ये टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात रेकॉर्ड कंपनीच्या राल्फ पीअर यांनी कार्टर कुटुंब या गाणाऱ्या त्रिकुटाचं पहिलं ध्वनिमुद्रण केलं. पुढे त्यांच्यातले ए. पी. कार्टर डोंगरातल्या घरोघरी फिरून गाणी गोळा करत. बरोबर लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक असत. कार्टर शब्द उतरवून घेत आणि रिडल चाल ध्यानात ठेवत. रिडल यांचं नाव फार थोडे घेतात. मी प्रत्येक दौऱ्यात एकदा तरी घेते.

घरं कशी मिळतात

पहिलं घर ओळखीतलंच असू द्या. सहकारी, मुलांच्या शाळेतली शिक्षिका, ग्रंथालयातल्या बाई, कुणीही. ते एक घर नीट झालं की निघताना यजमानांना विचारा, "इथून दोन-तीन तासांच्या अंतरावर तुमचं असं कुणी आहे का, ज्यांना हे आवडेल?" माझी जवळजवळ सगळी घरं या एका प्रश्नातून मिळाली. रँचवाल्यांची नाती पन्नास-शंभर मैलांवर पसरलेली असतात. बहीण एका गावी, कॉलेजची मैत्रीण दुसऱ्या.

दुसरा रस्ता संस्थांचा. फोक अलायन्स इंटरनॅशनल ही लोकसंगीतवाल्यांची संस्था १९८९ साली सुरू झाली, तिचं कार्यालय कॅन्सस सिटीत आहे. वार्षिक संमेलनात रात्री हॉटेलच्या खोल्यांमधून पलंग हलवून छोट्या मैफली चालतात आणि घरी कार्यक्रम करणारे यजमान तिथे येऊन बसतात. खर्चिक प्रकरण आहे. पहिल्या वर्षी जाऊ नका. कॅनडात विनिपेगहून २००७ पासून होम रूट्स ही संस्था खेड्यांतल्या घरांची साखळीच आखून देते आणि गायक त्या साखळीतून घर-घर करत पुढे सरकतो. कॅनडातल्या मराठी मुलांनी तिथे जरूर अर्ज करावा.

यजमानांना पहिलं पत्र छोटं लिहा. तुम्ही कोण, कोणत्या आठवड्यात त्या भागात आहात, किती माणसं पुरेत (मी पंधरा लिहिते), काय लागेल, आणि एका व्हिडिओचा दुवा. तो व्हिडिओ दिवाणखान्यातच, एका फोनवर, न कापता काढलेला असावा. स्टुडिओतला चकचकीत व्हिडिओ पाहून यजमान घाबरतात. आपल्या घरी एवढं सगळं कुठे मावणार, असं त्यांना वाटतं. शाकाहारी असाल तर तेही याच पत्रात सांगा. गोमांसावर जगणारा मुलूख आहे, ऐन वेळी ताटावर बसून नाही म्हणणं त्यांना फार लागतं. आधी कळलं की हौसेने करतात. बीन्सची चिली (घट्ट मसालेदार रस्सा) आणि तिच्याबरोबर दालचिनीचा गोड रोल ही इथली जोडी मी अशीच एका घरी पहिल्यांदा खाल्ली. विचित्र वाटेल, पण खाऊन पाहा.

पत्र चार ते सहा महिने आधी गेलं पाहिजे. त्यानंतर एकदा फोनवर किंवा व्हिडिओवर बोला. मुलींना तर माझं आग्रहाने सांगणं आहे. आधी त्या घरी गाऊन गेलेल्या एखाद्या गायिकेशी बोलल्याशिवाय अनोळखी घरी मुक्काम ठरवू नका, रोजचा पत्ता घरी कळवा, आणि एका रात्रीच्या मोटेलचे पैसे नेहमी वेगळे ठेवा. आजवर मला ते वापरावे लागले नाहीत. तरी ठेवतेच.

तारखा

शहरातली माणसं इथे हमखास चुकतात. फेब्रुवारी ते एप्रिल गाई वितात, रँचवाला रात्रीही गोठ्यात असतो. मेमध्ये वासरांना डाग देण्याचं काम, त्यासाठी सगळा शेजार एकमेकांकडे राबतो. जुलै-ऑगस्टमध्ये गवत कापणी आणि काउंटी फेअर, म्हणजे जिल्ह्याची जत्रा. सप्टेंबर-ऑक्टोबर मका आणि सोयाबीनची काढणी. शरदातला शुक्रवार शाळेच्या फुटबॉलचा, त्या रात्री गाव मैदानावर असतं. बुधवारची संध्याकाळ पुष्कळ गावांत चर्चची. नोव्हेंबरच्या मध्यावर नऊ दिवस हरणांच्या शिकारीचा हंगाम.

उरलं काय? जूनचा महिना, नोव्हेंबरचे सुरुवातीचे आणि शेवटचे दिवस, थंडीची तयारी असेल तर जानेवारी. वारांत शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची दुपार. मंगळवार-गुरुवारीही लोक येतात, फक्त साडेनऊच्या आत संपवा.

रस्ता

दिवसाला दोनशे मैलांपेक्षा जास्त आखू नका. ग्रँड आयलंडहून अलायन्सला जाणारा हायवे दोन हा पावणेतीनशे मैलांच्या आसपासचा रस्ता सँडहिल्समधून जातो. गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या या टेकड्यांनी राज्याचा चौथा हिस्सा व्यापला आहे. मोबाईलची रेंज मैलोन्‌मैल नसते, म्हणून नकाशे आधी फोनवर उतरवून घ्या आणि टाकी अर्धी झाली की पेट्रोल भरा. रँचचा शेवटचा टप्पा खडीचा किंवा नुसत्या मातीचा असतो. पाऊस झाला असेल तर नकाशाचं ऐकू नका, यजमानांना फोन करून वाट विचारा. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. कार्यक्रमानंतर गाडी चालवायची नाही, हा माझा नियम आहे.

आणि घड्याळ! नेब्रास्कात दोन वेळा आहेत. ब्रोकन बो, एन्सवर्थ इथे मध्य विभागाची वेळ, अलायन्स, ओगलाला इथे पर्वतीय विभागाची, एक तास मागे. तिसऱ्या वर्षी मी अलायन्सकडून पूर्वेला येताना हा तास विसरले. सातच्या कार्यक्रमाला पावणेआठला पोचले. बत्तीस माणसं बसलेली, यजमानबाई अंगणात उभ्या. मला कुणी एक शब्द बोललं नाही, पण त्या बाईंचा चेहरा मी विसरलेले नाही. शेजाऱ्यांपुढे त्यांची मान खाली गेली होती. तेव्हापासून यादीत प्रत्येक घरापुढे वेळेसोबत विभागही लिहिते आणि आदल्या रात्री यजमानांना निरोप पाठवते, "उद्या तुमच्या घड्याळात साडेचारला येते."

गिटारची काळजी वेगळी. उन्हाळ्यात बंद गाडीत ती ठेवली तर सांध्यांतला सरस नरम पडतो. माझ्या पहिल्या गिटारचा ब्रिज (तारा अडकवायची लाकडी पट्टी) असाच एका जुलैच्या दुपारी उचलला गेला, जेवायला थांबले होते तेवढ्यात. ती गिटार जेवणाच्या टेबलाशी आणायला हवी होती, आता आणते. हिवाळ्यात भट्टी लावलेल्या घरांतली हवा इतकी कोरडी होते की लाकूड तडकतं. केसमध्ये ओलावा देणारी पुडी आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, ४५ ते ५० टक्के बरी. तारांचे दोन संच, दोन कापो (तारा दाबून सूर चढवायचे चिमटे), ट्यूनर, आणि एक दिवा. तो दिवा कशासाठी, ते पुढे येतंय.

खोली लावणं

दोन-अडीच तास आधी पोचा. यजमान खुर्च्या बहुधा चर्चमधून आणून ठेवतात. त्यांची कमान करा, पहिली रांग तुमच्यापासून पाच-सहा फुटांवर. तुमच्या पाठीशी भिंत हवी, खिडकी नको. संध्याकाळी खिडकीतून ऊन आलं की लोकांना तुमची फक्त काळी आकृती दिसते. आत यायचं दार श्रोत्यांच्या मागे असावं, म्हणजे उशिरा येणाऱ्याला ओशाळावं लागत नाही. छतावरचे दिवे बंद करा आणि बरोबर आणलेला उभा दिवा बाजूला लावा. तेवढ्याने दिवाणखान्याची मैफल होते.

मग सगळ्यांना दोन मिनिटं गप्प राहायला सांगा आणि खोली ऐका. पंखा घरघरतो का? फ्रिजमधलं बर्फाचं यंत्र दर थोड्या वेळाने खडखड करून तुकडे पाडतं, आणि नेमकं सगळ्यात हळव्या कडव्यात पाडतं, ते बंद करायची कळ यजमानांना विचारा. लंबकाचं घड्याळ, कुत्रा, भिंतीवरचा फोन. कुत्र्याला खोलीत राहू द्या, बाहेर ठेवला तर दारावर ओरखडे काढत बसतो.

ध्वनिवर्धक तीस-पस्तीस माणसांपर्यंत लागत नाही. नवख्या गायकांना माईकशिवाय उघडं पडल्यासारखं वाटतं, हे मला माहीत आहे. पण लोक जवळ बसून लाकडाचा आणि गळ्याचा खरा आवाज ऐकायला आलेले असतात. घरी महिनाभर माईकशिवाय गाण्याचा सराव करा. शब्दांची टोकं स्पष्ट ठेवा, मग आवाज चढवावा लागत नाही.

बिदागी

तिकीट नसतं. निमंत्रणातच सुचवलेली देणगी लिहिलेली असते, माणशी पंधरा ते पंचवीस डॉलर. मध्यंतरापूर्वी यजमान उठून टोपलीकडे किंवा जुन्या कॉफीच्या डब्याकडे बोट दाखवतात आणि सगळी रक्कम पाहुण्या गायकाची, असं सांगतात. हे त्यांनीच सांगायला हवं. गायकाने स्वतः मागितलं की खोलीची हवा बदलते. त्यामुळे काय बोलायचं ते दोन ओळींत आधी लिहून द्या, बऱ्याच यजमानांना पैशाचं बोलायचा संकोच असतो.

सव्वीस माणसं वीस-वीस डॉलरने ५२० होतात. कुणी जोडप्याचे मिळून तीस टाकतं, कुणी एकटा पन्नास. सीडी अजून खपतात, जुन्या पिकअपमध्ये ती वाजवायची सोय असते. पंधरा डॉलरच्या सहा-आठ गेल्या की पुढच्या दोन दिवसांचं पेट्रोल निघालं. चेक घ्या, रोख घ्या, फोनवरून पैसे पाठवायचा कोडही छापून ठेवा.

हे उत्पन्न आहे, कर भरायचा असतो. धंद्याचा निव्वळ नफा वर्षाला ४०० डॉलर झाला की स्वयंरोजगार कर लागू होतो. उलट बाजूने कार्यक्रमांसाठी गाडी चालवलेल्या मैलांची वजावट मिळते. २०२५ साली आयआरएसचा, म्हणजे इथल्या कर खात्याचा, दर मैलाला ७० सेंट होता, म्हणजे नऊशे मैलांच्या फेरीवर ६३० डॉलर. गाडीत वही ठेवा आणि निघताना-पोचताना मीटरचा आकडा लिहा. वर्षअखेरीस आठवून लिहिलेली नोंद कामाची नाही.

निमंत्रण नेहमी खासगी ठेवा. गावात पोस्टर नको, सार्वजनिक जाहिरात नको, पत्ता फक्त येतो म्हणणाऱ्यालाच. कुटुंब आणि ओळखीची मंडळी यांच्यापुढचं गाणं आणि सार्वजनिक प्रयोग यांत अमेरिकेचा कॉपीराइट कायदा फरक करतो. शिवाय दारं उघडी टाकली की परवाने आणि विमा यांचे प्रश्न यजमानांच्या गळ्यात येतात. दारू विकायची नाही, ज्याला हवी तो आपली घेऊन येईल.

मुक्काम आणि नंतर

कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलायला हात लावा. खूप दमला असाल तरीही. स्वयंपाकघरात उभं राहून भांडी पुसताना जे बोलणं होतं त्यातून मला निदान चार गाणी मिळाली आहेत. सकाळी चादरी काढून घडी करून ठेवा, न्याहारीला थांबा, दहाच्या आत निघा. आठवड्याभरात हाताने लिहिलेलं कार्ड टपालाने पाठवा. आलेल्या लोकांचे ईमेल यजमानांकडे मागू नका. आपली वही दाराशी ठेवा, ज्याला हवं तो आपण होऊन लिहितो.

त्याच घरी वर्ष-दीड वर्षाच्या आत परत जाऊ नका, आणि जाताना निम्मी तरी नवी गाणी न्या. त्यासाठी प्रत्येक घराचं एक पान ठेवा. एन्सवर्थजवळच्या त्या रँचचं माझं पान असं आहे : मध्य विभागाची वेळ. पाऊस असेल तर पूर्वेच्या फाटकाने. खुर्च्या अठ्ठावीस, दोन डुगडुगतात. बर्फाची कळ फ्रिजच्या आत डावीकडे वर. कुत्रा म्हातारा, डाव्या कानाने ऐकत नाही. जात्याचं गाणं गायलं, पुन्हा मागतील. बाईंना दांड्याचा फोटो छापून पाठवायचा आहे.